ग्लॅडिस घोरपड घरी येते

मेंढरं कातरण्यात, छपराचे पत्रे ठोकण्यात आणि बार्बेक्यूवर सॉसेज भाजण्यात ऑस्ट्रेलियातल्या बॅलाडून गावात मर्व्ह हॉलिसचा हात धरणारा कोणी नव्हता. निदान मर्व्हचं तरी तसं ठाम मत होतं! त्यामुळे नातीच्या आठव्या वाढदिवसाचा बेत त्याने कोणालाही न विचारता स्वतःच्या हाती घेतला.

"लिनेट," तो मुलीला म्हणाला, "या शनिवारी ग्लॅडिस घोरपड जातीने आपल्या अंगणात येणार!"

"डॅड, केक पुरे आहे रे."

"केक काय, कोणीही आणतं!"

ग्लॅडिस घोरपड म्हणजे रोज संध्याकाळी साडेपाचला टीव्हीवर येणारी, चौकड्यांचा ऍप्रन बांधून घराघरात टपाल वाटणारी बाई. बाई कसली, घोरपडच! नातीचा, म्हणजे टॅमसिनचा, तिच्यावर भारी जीव. टॅमसिन चाकाच्या खुर्चीत असायची. हातपाय तिचं ऐकत नसत आणि तोंडाने शब्द येत नसत. खुर्चीला संगणकाचा एक पडदा बसवलेला होता. त्यातल्या चित्राकडे तिने रोखून पाहिलं, की यंत्र त्या चित्राचा शब्द बोलायचं. शब्द यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात मर्व्ह तिच्या वतीने चार उत्तरं देऊन मोकळा व्हायचा.

साडेपाचच्या कार्यक्रमाला मात्र तो कधीच थांबला नव्हता. घरातून टॅमसिनचे ते चमत्कारिक आवाज यायला लागले, की तो मागच्या शेडमध्ये जाऊन करवत सुरू करायचा. पोरीला त्या वेळी कसलेसे झटके येतात अशी त्याची समजूत होती. ते त्याला बघवत नसे, आणि विचारायचा धीरही होत नसे.

फुटबॉल क्लबाच्या सामानाच्या खोलीची किल्ली मर्व्हच्या मित्राकडे, नोएलकडे, असायची. क्लबाचं चिन्ह मगर, त्यामुळे आत माणूस मावेल असा मगरीचा पोशाख तिथे धूळ खात पडलेला होता.

"मर्व्ह, ही मगर आहे," नोएल म्हणाला.

"तोंड लांब, शेपूट लांब. वर पिवळे ठिपके मारले, ऍप्रन बांधला, की झाली घोरपड! आठ वर्षांच्या पोरीला काय कळतंय?"

"आणि सप्टेंबर आहे, विसरू नकोस. मैदानातल्या मॅगपायांनी अंडी घातलीत."

सप्टेंबरात हे काळेपांढरे पक्षी माणसांच्या टाळक्यावर झडप घालतात. सगळं गाव तेवढा महिना आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर पालथा घालून, त्याच्या मागच्या बाजूला पक्ष्यांना चकवायला मोठे डोळे रंगवून फिरतं. पण मर्व्हला कोण सांगणार!

"अरे, माझं डोकं मगरीच्या पोटात असणार! टोचतील तर टोचू देत रबराला!"

शनिवारी दुपारी तो क्लबात पोशाख चढवून निघाला. मैदान ओलांडलं की घर. मगरीच्या जबड्यातून समोरचं वीतभर दिसत होतं आणि आत घामाचं तळं साचत होतं. पण चाल कशी, एकदम ऐटीत! धावफलकाशेजारच्या निलगिरीखाली आला आणि वरून कोणीतरी टकाटक चोच वाजवली.

नुसती मगर असती तर मॅगपायांनी कदाचित सोडलीही असती. पण झाडावर चढून अंडी खाणारा त्यांचा पिढीजात वैरी म्हणजे घोरपड, आणि मर्व्हने ते पिवळे ठिपके फार मन लावून काढले होते!

पहिली झडप मगरीच्या डोक्यावर, दुसरी शेपटीवर! मग तर अख्खं खानदानच उतरलं!

"अरे, मी मर्व्ह आहे! मर्व्ह!" तो ओरडला. मॅगपायांना त्याचं काय!

मर्व्ह पळाला. शेपूट पायात आली, पडला. उठला, पुन्हा पळाला. क्रिकेटचा सराव करणारी पोरं बॅटी टाकून भिंतीआड गेली. एक म्हातारी कुत्र्याला कवटाळून बाकाखाली शिरली. फाटक कुठे ते दिसेना, तेव्हा मर्व्हने कुंपणच आडवं केलं आणि चारी पायांनी अंगणात प्रवेश केला. समोर खाण्याचं टेबल होतं. लोणी लावून रंगीत साखर भुरभुरवलेला पाव एका बाजूला उडाला, सॉसेजं दुसऱ्या बाजूला, आणि ग्लॅडिस घोरपड क्रीम आणि स्ट्रॉबेरींनी मढवलेल्या पाव्हलोव्हा केकात तोंडावर पालथी पडली. पाठीवर एक मॅगपाय होताच!

तेवढ्यात त्याला तो आवाज ऐकू आला.

त्याने जबड्यावरचं क्रीम पुसून पाहिलं. टॅमसिनचे दोन्ही हात ताठ वर गेले होते, मान मागे पडली होती. चेहरा लालभडक, तोंडातून लाळ, आणि सगळी खुर्ची गदगदा हलत होती.

"झटका!" मर्व्ह किंचाळला. "पोरीला झटका आलाय! बाजूला व्हा सगळे!"

"डॅड, थांब!" लिनेट ओरडली. पण रबराच्या आत ऐकू येतंय कोणाला? त्याने खुर्ची धरली, घरात पळवली, दाराला कडी घातली, खिडक्यांचे पडदे ओढले आणि ओला टॉवेल टॅमसिनच्या कपाळावर दाबला.

"घाबरू नकोस! तुझा आजोबा, पॉप आहे! संपलं सगळं!"

खरंच संपलं. हात खाली आले, आवाज थांबला. अंधाऱ्या खोलीत टॅमसिनचे डोळे भरून आले.

लिनेटने दार ठोठावून उघडायला लावलं.

"काय केलंस हे? हसत होती ती!"

"हसत होती?"

"रोज साडेपाचला अशीच हसते! ग्लॅडिस झाडावरून घसरली की हात फेकते, मान टाकते! आणि आज तर आयुष्यात हसली नाही एवढी हसत होती!"

"मला वाटायचं, त्रास होतोय तिला..."

"म्हणून करवत लावून बसायचास?"

मर्व्हने मगरीचं डोकं काढून खाली ठेवलं. रोज भिंतीपलीकडे नात खदखदून हसत होती आणि आजोबा लाकडं कापत होते! आठ वर्षांत तिचं हसू त्याला ओळखता आलं नव्हतं, आणि आज ओळखायची वेळ आली तेव्हा त्याने ते उचलून अंधारात कोंडलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेपूट सावरत तो खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला.

"टॅम, चुकलो गं पोरी. पाणी देऊ? बाहेर जायचंय? केक..."

"डॅड," लिनेट म्हणाली, "गप्प."

तो गप्प बसला. टॅमसिनचे डोळे पडद्यावर फिरू लागले. काय म्हणेल? जा म्हणेल? पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणेल? क्रीम त्याच्या हनुवटीवरून ठिबकत होतं, पण तो हलला नाही.

"पॉप," यंत्र म्हणालं.

बराच वेळ गेला.

"पक्षी."

आणखी वेळ गेला.

"परत."

"परत? म्हणजे मी... परत मैदानात जाऊ?"

"हो."

मर्व्हने मान खाली घातली. "जातो. हेल्मेट घालून गेलो तर चालेल?"

टॅमसिनने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग पडद्याकडे.

"नाही."

मर्व्हने मुकाट्याने डोकं चढवलं, शेपूट काखेत मारली आणि निघाला. दारात त्याने मागे वळून पाहिलं. टॅमसिनचे हात आत्तापासूनच वर जायला लागले होते.