मागच्या आठवड्याचं रडणं

"बाई, एक ध्यानात ठेवा. ह्या टेपात घरी बनवलेली डिस्क घालू नका. घातलीच, तर तिच्यावर कागद चिकटवू नका. ह्यो टेप डिस्क गिळतोय, परत देत न्हाई. आन् दार जरा हळू लावत जा. धक्का बसला की ह्यो आपल्या मनानं बोलाय लागतोय!"

आपली जुनी गाडी राजश्रीला विकून किल्ली हातात देताना माणिकराव गुरुजींनी हे सांगितलं होतं. गुरुजी म्हणजे राजेश्वर गावचे निवृत्त मुख्याध्यापक. एकही बातमी चुकू नये म्हणून त्यांनी गाडीतला टेप थेट बॅटरीवर जोडून घेतला होता. गाडी बंद, किल्ली खिशात, तरी बातम्या चालूच! राजश्रीनं "व्हय गुरुजी, व्हय गुरुजी" म्हणत मान डोलावली आणि मनात म्हणाली, आपण फिजिक्स शिकवणारी बाई. टेपाला मन नसतं, आणि गिळायला घसाही नसतो!

तिला गाडी हवी होती ती नोकरीसाठी. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि बसवकल्याणच्या कॉलेजात पुन्हा रुजू व्हायचं होतं. कॉलेजाच्या भिंतीला लागूनच सासूबाईंच्या भाचीचं घर. म्हणजे रोज सकाळी राजेश्वरहून सासू, सून आणि तान्हा सुगत असे तिघं गाडीत बसणार, सासूबाई लेकराला घेऊन भाचीकडं थांबणार, मधल्या सुट्टीत राजश्री भिंतीपलीकडं जाऊन त्याला पाजून येणार. योजना अशी चोख की कागदावर मांडली असती तर बक्षीस मिळालं असतं!

अडचण एकच. सुगत गाडीत बसला की रडायचा. साधं रडणं नाही, लग्नातल्या बँडला लाजवील असं!

शोभाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सरळ सांगितलं, "ऐतवारी भालकीपल्याड मेहकरला बहिणीच्या नातवाचं नामकरण हाय. गाडीनं जाऊ. जाता-येता लेकरू गाडीत न रडता गेलं, तर म्या रोज येते तुझ्यासंगं. रडलं, तर नोकरीचं नाव काढायचं न्हाई. माझ्या नातवाला असं रडवत न्यायचं मला जमणार न्हाई."

"ठरलं, आत्या," राजश्री म्हणाली. नवरा प्रेमानंद शाळामास्तर. त्यानं दोघींकडं बघितलं आणि शहाण्यासारखा वह्या तपासायला निघून गेला.

आता राजश्रीचा स्वभाव सांगायला हवा. सुगत झोपला की ही त्याच्या नाकापुढं बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना? त्या बोटानं तो जागा व्हायचा आणि भोकाड पसरायचा. मग हिचा जीव भांड्यात पडायचा. चालू आहे! एकदा डॉक्टरांनी विचारलं, "रडतो म्हणजे कसा रडतो?" तर हिनं दवाखान्यात रडून दाखवलं. बाहेर रांगेत बसलेली सगळी लेकरं रडायला लागली. तेव्हापासून ती सुगतचं रडणं मोबाइलवर टिपून ठेवायची. भुकेचं, झोपेचं, पोटदुखीचं, डास चावल्याचं, आणि उगाचचं. नुसता आवाज ऐकून ती डोळे मिटून प्रकार सांगायची.

असंच एकदा टिपलेलं रडणं तिनं लावून बघितलं, तर काय आश्चर्य! मांडीवर रडत असलेला सुगत एकदम गप्प. भुवया वर, तोंडाचा आ. एका पोराच्या पेपरातली उत्तरं दुसऱ्याच्या पेपरात सापडल्यावर मास्तर जसे बघतात, तसा तो मोबाइलकडं बघत राहिला. आणि ऐकता ऐकता झोपून गेला!

योगायोग असेल? राजश्रीनं दुसऱ्या दिवशी अंगाई लावून बघितली. तो रडला. स्वतः गाऊन बघितलं. जास्तच रडला. मिक्सर, पंखा, कुकरची शिट्टी, सगळं झालं. शेवटी परत त्याचं रडणं लावलं. गप्प!

"अगं, लेकराला रडं ऐकवून निजवायलीस व्हय!" शोभाबाईंनी कपाळाला हात लावला. "जगात अंगाईचा दुष्काळ पडलाय का?"

पण गाडीचं इंजिन असं गरजायचं की त्यापुढं मोबाइल म्हणजे डीजेपुढं बासरी. टेपाला मोबाइल जोडायची सोय नाही. तो खायचा ती फक्त डिस्क! बसवकल्याणला श्रीमंत नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत लग्नाच्या डिस्का भरायच्या काळातला कोऱ्या डिस्कांचा गठ्ठा धूळ खात पडला होता. घ्यायला कुणीतरी आलंय हे बघून श्रीमंतला रडूच यायचं बाकी होतं. प्रेमानंदच्या जुन्या लॅपटॉपवर राजश्री बसली. पहिली डिस्क टेपानं ओळखलीच नाही. दुसरीनं अर्धं रडून उचकी घेतली. तिसरीत तर सुगत जाड्या माणसाच्या आवाजात रडला. फुकट गेलेल्या डिस्का शोभाबाईंनी दोऱ्यात ओवून शेतात टांगल्या. पाखरांनी त्या बाजूला येणंच सोडलं!

शेवटी लॅपटॉपला सगळ्यात सावकाश भरायला लावल्यावर एक झकास डिस्क निघाली. आता कुठली चांगली आणि कुठली पाखरांची, हे कळायला नको? राजश्रीच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी असायची. तिनं कागदावर सुरेख अक्षरात 'सुगत – रडणं' लिहिलं आणि डिस्केवर भरपूर डिंक लावून चिकटवलं.

गुरुजी? कोण गुरुजी!

ऐतवारी निघाले. सुगतला ऊन लागू नये म्हणून मागच्या काचांना शोभाबाईंच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. डिकीत नव्या बाळाला द्यायचा पाळणा आणि झबली-टोपडी. हायवेला लागताच सुगतनं ओठ काढला. राजश्रीनं डिस्क सरकवली. टेपानं ती आत ओढून घेतली आणि गाडीभर रडणं घुमलं, "ट्यँऽऽहँ! ट्यँऽऽहँ!" सुगत चकित झाला. ऐकत राहिला. झोपला!

"आत्या, बघा!"

"बघायलेय," शोभाबाई कानात बोटं घालून म्हणाल्या. "लेकरू झोपलं, म्हातारी जागी झाली!"

भालकीच्या चौकात पोलिसानं हात दाखवला. खिडकीत वाकून कानडीत म्हणाला, "याक अक्का, कूसु अळ्ताद?" म्हणजे, का गं अक्का, लेकरू रडायलंय? आणि मग शोभाबाईंच्या मांडीवरच्या लेकराकडं त्याची नजर गेली. लेकरू गाढ झोपलेलं. रडणं चालूच. त्यानं टोपी सारखी केली.

"ह्ये तर झोपलंय. मग रडायलंय कोण?"

"ह्येच रडायलंय, साहेब," शोभाबाई शांतपणे म्हणाल्या, "पण मागच्या आठवड्याचं."

पोलीस सावध झाला. "डिकी उघडा!"

डिकीत पाळणा. कोरी झबली. टोपडी. त्यानं राजश्रीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्या लेकराचं सामान हितं न्हाई, ह्ये वेगळ्या मापाचं हाय. दुसरं लेकरू कुठाय?"

"साहेब, डिस्क हाय! आत्ता काढून दाखवते!" राजश्रीनं बटण दाबलं. टेप आतल्या आत कुरकुरला. पुन्हा दाबलं. पुन्हा कुरकुर. उन्हानं पातळ झालेला डिंक आपलं काम करून बसला होता. गिळला! शेवटी तिनं आवाज बंद केला. चौकात शांतता पसरली.

त्या शांततेनं सुगत जागा झाला. ओठ काढला. शोभाबाईंची भुवई वर गेली. ठरल्याप्रमाणं रडणं म्हणजे नोकरी गेली! राजश्रीनं विजेच्या वेगानं आवाज पुन्हा चालू केला. सुगतनं ओठ आत घेतला आणि झोपला.

पोलीस बराच वेळ कधी टेपाकडं तर कधी लेकराकडं बघत राहिला. मग वाकून हळूच म्हणाला, "आमच्या घरी बी एक हाय. ही डिस्क कुठं मिळती?"

मेहकरला पोचल्यावर राजश्रीनं टेप बंद केला, झोपलेल्या सुगतला अलगद आतल्या खोलीत निजवलं आणि पर्स त्याच्या उशाशी ठेवली. किल्ली पर्समध्ये. गाडी गल्लीत, मांडवाला लागून. दोनदा जाऊन तिनं सुगतच्या नाकापुढं बोट धरलं. तिसऱ्यांदा निघाली तर मेहकरच्या मावशींनी, म्हणजे शोभाबाईंच्या धाकट्या बहिणीनं, हाताला धरून बसवलं. "बस गं! लेकरू कुठं पळून जायलंय का?"

त्रिशरण-पंचशील सुरू झालं. सगळे हात जोडून, डोळे मिटून. आणि गल्लीत एक म्हैस आली. तिच्या पाठीला खाज सुटली होती. तिनं गाडीला अंग घासलं. गाडी हलली. आणि माणिकराव गुरुजींचा टेप आपल्या मनानं बोलायला लागला!

"ट्यँऽऽहँ! ट्यँऽऽहँ!"

"अगं बया! गाडीत लेकरू कोंडलंय!"

मांडव गल्लीत रिकामा झाला. काचांना पडदे, दारं बंद, वर रणरणतं ऊन. शेजारचे हावगेप्पा पहार घेऊनच आले. किल्ली आणायला वेळ कुठला! राजश्री धावत जाऊन गाडीला पाठ लावून उभी राहिली.

"थांबा अण्णा! काच फोडू नका! लेकरू न्हाई, डिस्क हाय!"

"काय बाई म्हणायची का काय!" बायका कुजबुजल्या. "लेकरू भाजायलंय आन् ही डिस्क म्हणायलीय!"

"खरंच डिस्क हाय! मला सगळं पाठ हाय. हे भुकेचं. आता बघा, शिंक येईल!"

गाडी शिंकली.

"आई गंऽऽ," एक म्हातारी डोळ्याला पदर लावत म्हणाली, "लेकराला सर्दी बी झाली!"

"आता डासाचं येईल! मग थोडं उगाचचं!" राजश्री घसा फोडून सांगत होती. एकेक प्रकार तिच्या शब्दाला जागून येत होता. लोक हळूहळू पटल्यासारखे दिसायला लागले. हावगेप्पांनी पहार खाली केली. घरात बसलेल्या शोभाबाईंना आणि बायकांना गल्लीतून निरोपही गेला, "बसा बसा, काही न्हाई, डिस्क हाय!"

आणि तेवढ्यात ते आलं.

तुटक, खोल, वर जाऊन मध्येच थांबणारं. हे भुकेचं नव्हतं. झोपेचं नव्हतं. पोटाचं, डासाचं, उगाचचं, कुठलंच नव्हतं. राजश्रीनं हे रडणं आयुष्यात ऐकलं नव्हतं! पण आवाज सुगतचाच. सोळा आणे सुगतचा.

तिनं वळून गाडीकडं बघितलं. हे डिस्केत नाही. मी टिपलंच नाही. मग हे आलं कुठून? कुणी आणून ठेवला का त्याला गाडीत? किल्ली माझ्या पर्समध्ये... पर्स त्याच्या उशाशी...

"अण्णा, आणा इकडं!" तिनं हावगेप्पांच्या हातातली पहार हिसकली.

"अगं पर डिस्क हाय म्हणालीस की आत्ता!"

खळ्ळ!

स्वतःच्या गाडीची काच स्वतः फोडून राजश्रीनं आत डोकं घातलं. रिकामी गाडी. लुगड्यांचे पडदे. आणि हिरवा दिवा लावून निवांत रडत बसलेला टेप. ते दुसरं रडणं मात्र अजून चालूच होतं. तिच्या पाठीमागून!

वळून बघितलं तर दारात शोभाबाई. कडेवर लालबुंद झालेला सुगत, डोळे गळताहेत.

"कवापासनं रडायलंय लेकरू! म्या उठायले तर सगळ्या म्हणायल्या, बस अक्का, तुझी सूनच म्हणली की डिस्क हाय!"

राजश्रीनं त्याला ओढून घेतलं. तिच्या खांद्याला नाक लागताच तो गप्प झाला. तेव्हा तिला उमगलं, हे रडणं आपल्याकडं का नव्हतं ते. तो रडला की मोबाइल धरून आपण समोर असायचोच. आई जवळ नसतानाचं रडणं टिपणार कोण?

परतीच्या वाटेवर फुटक्या काचेतून वारा येत होता, टेप रडत होता, सुगत झोपला होता आणि शोभाबाई सीटवरचे काचेचे तुकडे वेचत होत्या. भालकीच्या पोलिसानं लांबूनच आवाज ओळखला आणि सलाम ठोकला. राजश्री मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहीत होती. 'महोदय' पर्यंत आली होती.

घरी पोचल्यावर प्रेमानंदनं दारातच विचारलं, "काय झालं? रडला का?"

राजश्रीनं फुटक्या काचेकडं बोट केलं.

"गाडीत न्हाई रडलं," शोभाबाई चपला काढत म्हणाल्या. "जाताना न्हाई, येताना न्हाई. रडली ती गाडी. गाडीचं काय ठरलं नव्हतं. सोमवारी किती वाजता निघायचं गं?"

तर राजश्री सध्या कॉलेजात शिकवते. डिस्क टेपातच आहे. ती काढायची तर गाडीचं अर्धं तोंड उचकटावं लागेल, असं मेकॅनिक म्हणतो. गाडी कॉलेजासमोर लिंबाखाली उभी असते आणि कुणाचा धक्का लागला की रडते. पहिल्या आठवड्यात पोरं-पोरी धावत आल्या. दुसऱ्या आठवड्यात नुसती मान वळवली. आता कुणी ढुंकूनही बघत नाही. "मॅडमची डिस्क हाय," म्हणतात आणि पुढं जातात.

हेच राजश्रीच्या जिवाला लागलंय. सुगत भिंतीपलीकडं आजीपाशी असतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी गाडी रडली की फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात थांबतो आणि तास सोडून जाता येत नाही. म्हणून तिची तुम्हाला एक विनंती आहे. कधी बसवकल्याणला आलात आणि कॉलेजासमोर लिंबाखाली पांढरी गाडी रडताना दिसली, तर डिस्क असंल म्हणून तसेच पुढं जाऊ नका. काच अजून बसवली नाही, नुसतं प्लास्टिक लावलंय. ते जरा बाजूला करा आणि आत एकदा बघा. कुणी नसणारच! पण तसेच दोन पावलं पुढं भाचीच्या घरी जा आणि तिथंही एकदा डोकावून या.

सुगत झोपलेला असेल. तेवढं नाकापुढं बोट धरून बघाल का?