नागोजी मुंगसाची न बिघडणारी पेटी

एका जंगलात, बाळांनो, गंज फार होता.

आता जंगलात गंज कुठून आला? माणसांनी आणला. माणसं सहलीला येत आणि जाताना कढया, बादल्या, साखळ्या तिथंच टाकून जात. प्राणी त्या उचलून घरी नेत. पावसाळा सरला की सगळ्यावर तांबूस गंज चढे. अस्वलाच्या कढईतला मधसुद्धा लोखंडासारखा लागे.

म्हणून नागोजी मुंगसानं आपल्या बिळामागच्या पडवीत वाळूची पेटी बसवली. पेटी म्हणजे एक बंद लोखंडी खोका. वर बघायला काच. पुढच्या बाजूला दोन भोकं, आणि त्यांत बसवलेले लांब रबरी हातमोजे. वस्तू आत ठेवायची, झाकण लावायचं, मोज्यांत हात घालायचे. मग कंप्रेसरची हवा नळीच्या तोंडातून बारीक वाळू जोरात फेकते आणि वाळू गंज खरवडून काढते. कढई एकदम नवी!

कंप्रेसरला वीज कुठून आली, हे विचारायचं नाही. बोधकथेत भारनियमन नसतं.

नागोजी पेटीला फार जपे. हवा दाबली की कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ते तो रोज काढून टाकी. वाळू चाळून उन्हात वाळवी. काचेवर पातळ पारदर्शक कागद लावी आणि तो धुरकट झाला की बदली. मोज्याला बारीकशी चीर दिसली तरी लगेच ठिगळ लावी.

त्यामुळं त्याची पेटी कधी बंद पडत नसे. प्राणी कढई देत, कढई नेत आणि वाटेत म्हणत, "हा नागोजी करतो काय हो दिवसभर?"

"वाळू चाळतो."

"एवढंच? बरं आहे बुवा."

नागोजीचं बघून शेजारच्या शूलपाणी साळिंदरानंही पेटी घेतली. पण चाळणं, वाळवणं, पुसणं असली कामं त्याला हलकी वाटत. टाकीत पाणी साचलं. वाळू ओली झाली. ओल्या वाळूचे गोळे झाले. एक दिवस अस्वलाची कढई आत असतानाच पेटी खोकली, उचकी लागल्यासारखी हादरली आणि गप्प झाली.

"मेली का?" अस्वलानं घाबरून विचारलं.

शूलपाणीलाही काही कळत नव्हतं. पण त्यानं डोळे मिटले आणि पेटीला कान लावला.

"शू! ती काहीतरी सांगतेय."

बातमी जंगलभर गेली. माकडं आली, ससे आले, भेकरं पोरांना घेऊन आली. शूलपाणीनं पेटीला दोन थपडा मारल्या. नळी सोडवली. तिच्या तोंडात आपलाच एक काटा खुपसला आणि ओल्या वाळूचा गोळा बाहेर काढून सगळ्यांसमोर उंच धरला. पेटी सुरू झाली.

काय टाळ्या पडल्या! अस्वलानं त्याला मिठी मारली आणि लगेच सोडलीही, कारण काटे.

त्या दिवसापासून शूलपाणीच्या पडवीत गर्दी मावेना. आज मोजा फाटून वाळू उडे, उद्या काच घासून आंधळी होई. "मी बोटांनी बघतो," असं म्हणून शूलपाणी काम करी आणि ससे माना डोलवीत. कढई साफ होवो न होवो, येणं वाया जात नसे.

तेवढ्यात उन्हाळा जवळ आला. पाणवठे आटले की सगळं जंगल एका जुन्या विहिरीवर पाणी भरे. तिच्या पोहऱ्याची लोखंडी साखळी गंजून गेली होती. वाघोबा महाराजांनी फर्मान काढलं : साखळी साफ व्हावी. अर्धी नागोजीनं करावी, अर्धी शूलपाणीनं. ज्याचं काम पसंत पडेल तो राज्याचा यंत्रपाल.

आधी महाराज नागोजीकडे आले. नागोजीनं मोज्यांत हात घातले. अर्धी साखळी साफ केली, तेल लावलं आणि बाहेर काढली.

"झालं?" महाराजांनी जांभई दिली.

"झालं, महाराज."

"मध्ये काही बिघडलं नाही?"

"नाही, महाराज."

"मग तुला यंत्रातलं कळतं, हे आम्हांला कळावं कसं?"

नागोजीनं शेपटी झटकली आणि खाली बघितलं.

मग शूलपाणीची पाळी आली. त्याच्या पेटीचं काम कमी आणि खोकणं जास्त. नळी निसटली, ती त्यानं दातांत धरली. मोजा फाटला, तो काट्यानं टाचला. महाराज उभे राहिले. चार कड्या साफ झाल्या, उरलेल्या तशाच राहिल्या. पण त्याकडं बघायला भान कुणाला होतं? महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून शूलपाणीला घातला.

घरी आल्यावर नागोजीची बायको भिमाक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, थोडं तरी बिघडवायचं होतं!"

"मला नाही जमत गं," नागोजी म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

भर उन्हाळ्यात साखळी तुटली. पोहरा विहिरीत गेला. पिल्लं तहानेनं व्याकूळ झाली. कोल्हा प्रधान चौकशीला बसला. तुटलेली अर्धी शूलपाणीची होती, आणि नागोजीची अर्धी धड होती.

"हेच तर!" प्रधान म्हणाला. "नागोजीची अर्धी हट्टानं तुटली नाही. म्हणून सगळा ताण शूलपाणीरावांच्या अर्धीवर आला. दोष कुणाचा?"

"नागोजीचा!" सगळे ओरडले. शूलपाणीनं मोठ्या मनानं त्याला माफही केलं.

आणि प्रायश्चित्त म्हणून दुसरी एक गंजलेली साखळी नागोजीनंच साफ करायची ठरली. त्यानं ती केली. पिल्लं तहानेली आहेत म्हटल्यावर राग धरून बसायला त्याला वेळ नव्हता. पाणी वर आलं. जंगल वाचलं.

या संकटातून जंगलाला बाहेर काढल्याबद्दल शूलपाणीला शाल मिळाली. यंत्रपालांसाठी काढलेल्या राज्याच्या नव्या कारखान्याला एक चांगली पेटी हवीच होती, म्हणून नागोजीची पेटी उचलून तिथं नेली. "तुझी कधी बिघडत नाही," प्रधान म्हणाला, "म्हणजे तुला तिची गरजच नाही."

नागोजीची पडवी रिकामी झाली. भिमाक्कानं तिथं मिरच्या वाळत घातल्या. पण त्याला करमेना. शेवटी एक दिवस तोही कारखान्यात जाऊन गर्दीत बसला. सशांनी त्याला शेंगा दिल्या.

समोर त्याचीच पेटी खोकत होती. शूलपाणी तिला कान लावून उभा होता. नागोजीच्या पंजांना कंड सुटली. तो उठून उभा राहिला.

"शूलपाणीराव, टाकीतलं पाणी काढा! बाकी काही नाही, फक्त पाणी काढा!"

सगळी गर्दी मागं वळली.

"ए, खाली बस!" अस्वल ओरडलं. "आत्ता कुठं रंग चढतोय!"

नागोजी खाली बसला.

तात्पर्य : बाळांनो, यंत्राची निगा कधीही राखू नये. निगा राखलेलं यंत्र नुसतं काम करतं.