व्याह्यांचा डावा पाय

मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला च्यू मिंग-ताओ सहकुटुंब तैवानमधल्या तैतुंगला आले आणि चहा संपायच्या आत त्यांचा डावा पाय होणाऱ्या विहीणबाईंच्या मांडीवर गेला. लोबाईंचा व्यवसायच तळपाय दाबून देण्याचा. दुकानाच्या भिंतीवर दोन भलेमोठे तळवे रंगवलेले आणि त्यांत पोट, हृदय, यकृत दाटीवाटीनं नांदत होते.

"प्रवासानं दमला असाल," लोबाई म्हणाल्या. "दुखेल तिथं सांगा. तिथला अवयव बिघडलाय असं समजायचं."

च्यूंना घाम फुटला. डॉक्टरांनी यकृतापायी दारू बंद केली होती आणि घरच्यांच्या समजुतीप्रमाणे ती सुटलीही होती. प्रत्यक्षात मित्राच्या सायकलच्या दुकानात, मागच्या बाजूला, रोज संध्याकाळी दोन घोट होतच होते. समोर बायको, यू-छिन, कान टवकारून बसलेली. जीव गेला तरी हूं की चूं करायचं नाही, असं च्यूंनी ठरवलं.

लोबाईंनी बोटाचं पेर रोवलं. च्यूंना ब्रह्मांड आठवलं.

"दुखतं?"

"छे. बरं वाटतंय."

बाईंनी जोर वाढवला. च्यू खुर्चीतल्या खुर्चीत वळवळले. बाईंना बोलण्यात गुंतवावं म्हणून म्हणाले, "ही विद्या आपल्या पूर्वजांचीच ना, विहीणबाई?"

"म्हणतात तसं. पण लोक विसरले होते. इथल्या एका परदेशी पाद्र्याचे गुडघे धरायचे. त्यानं पुस्तकात वाचून स्वतःवर करून पाहिलं, मग गावाला शिकवलं. झोप छान लागते, पाय हलके होतात. आता दुखतं?"

"अजिबात नाही."

बाईंनी लाकडी दांडी घेतली. च्यूंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

"हे काय हो?" यू-छिननं विचारलं.

"आनंदाचं आहे. पोरगी चांगल्या घरी पडतेय."

लोबाईंचा हात मात्र थांबला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा या. व्याह्यांना काहीच जाणवत नाहीये. पाय बधिर झालेत."

"माझे काका असेच होते," लो म्हणाले.

"मग काय झालं त्यांचं?" यू-छिननं विचारलं.

लो चहा ओतू लागले. ते पाहून यू-छिननं डोळ्यांना रुमाल लावला. मुलगी, पेइ-रोंग, इस्पितळात न्यायला टॅक्सी बोलावू लागली. लो समजुतीनं म्हणाले, "आधी उपचार होऊ देत. लग्नाचं पुढच्या वर्षी बघू."

पेइ-रोंगचा चेहरा पडला. तो मात्र च्यूंना बघवेना.

"दुखतंय," ते पुटपुटले. "पहिल्यापासून दुखतंय."

"कुठं?"

"सगळीकडे."

"मग बोलला का नाहीत?"

च्यूंनी मान खाली घातली. "यकृताचं कळेल म्हणून. घेतो मी अजून. थोडीशीच. संध्याकाळची."

लोबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग मांडीवरल्या पायाकडे.

"पण व्याहीबुवा, यकृत उजव्या पायात असतं. मी त्याला अजून हातही लावलेला नाही."

यू-छिननं रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आपलं स्टूल पुढं ओढलं.

"विहीणबाई, तुम्ही दमला असाल," ती शांतपणे म्हणाली. "फक्त जागा दाखवा. उजवा मी दाबते."