हत्ती आणि निळा ठिपका

"ठिपका! नुसता निळा ठिपका! शाई सांडली तरी याहून बरा आकार येतो!" कॉमिकराव तावातावाने म्हणाले. अर्थात घरी, बायकोसमोर. पंपांच्या कंपनीत ते बिलं करत, आणि बिलं करणाऱ्याचं लोगोबद्दलचं मत आजवर कुणी विचारलेलं नाही.

"अहो, पगार वेळेवर येतोय ना? मग ठिपका असो नाहीतर चौकोन," बायको म्हणाली.

"पगाराचं काय घेऊन बसलीस! हत्ती कुठे गेला?"

हत्तीचं दुखणं जुनं होतं. कंपनीचे मूळ मालक हौशी. त्यांनी प्रत्येक पंपाबरोबर एक कॉमिक फुकट वाटलं होतं. त्यातला आग विझवणारा, शिरस्त्राण घातलेला हत्ती हाच कंपनीचा पहिला लोगो. त्याच्या सोंडेतून उडालेल्या पाण्याचीच अक्षरं व्हायची आणि कंपनीचं नाव तयार व्हायचं. पुढे त्यांच्या मुलाने, नातवाच्या जन्माआधीच, हत्ती हाकलून सरळसोट अक्षरं आणली. आता नव्याने खुर्चीत बसलेल्या नातवाने भलंमोठं बिल भरून ठिपका आणला. या हत्तीपायी ज्याने लहानपणी कॉमिक्सचा नाद लावून घेतला आणि मोठेपणी याच कंपनीत नोकरी धरली, त्या माणसाने हे का सोसावं?

कॉमिकरावांनी सोसलं नाही. हौसेने शिकलेलं कोडिंग कामाला लावून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि ऑफिसातल्या आपल्या संगणकात टाकला. पडद्यावर ठिपका आला रे आला की त्याच्या जागी हत्ती उभा! कुणाला त्रास नाही, कुणाला पत्ता नाही.

लोगोच्या समारंभाच्या दिवशी मात्र हॉलमधल्या संगणकाने ऐनवेळी मान टाकली. मॅनेजर धावत आले आणि त्यांनी सरळ कॉमिकरावांच्या संगणकाच्या वायरी उपटल्या.

"साहेब, हा नको! हा जरा लहरी आहे!"

"तुमच्यासारखाच. सरका बाजूला."

समोर गावोगावचे विक्रेते बसले होते. "आणि हा आपला नवा चेहरा!" असं म्हणून मालकांनी बटण दाबलं. पडद्यावर हत्ती आला. मालकांचा आ वासला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जाडजूड विक्रेता उठला. "वा! याला म्हणतात लोगो! बघताक्षणी कळतं, इथे पाण्याचं काम आहे!" सगळा हॉल टाळ्या पिटू लागला. ज्याने ठिपका काढला होता तो डिझायनर क्षणभर गडबडला. मग छातीवर हात ठेवून त्याने मान झुकवली. "शेवटच्या क्षणी धाडस केलं," तो म्हणाला. "हा हत्ती मला स्वप्नात दिसला."

स्वप्नात! कॉमिकरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! समारंभ संपताच ते घरी धावले आणि कपाटातलं जपून ठेवलेलं कॉमिक घेऊन मालकांच्या केबिनमध्ये घुसले. डिझायनर तिथेच चहा पीत बसला होता.

"हा हत्ती तुमच्या आजोबांचा आहे, साहेब! हे बघा!"

मालकांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "लोगो आज आला, आणि तुम्ही त्याचं पुस्तकसुद्धा छापलंत? कुणाला विचारून?"

"अहो, कागद बघा ना! पिवळा पडलाय!"

डिझायनरने कागद निरखला. "जुनेपणाचा इफेक्ट झकास जमलाय हं."

"इफेक्ट? वास घ्या याचा, वास!"

मालकांनी वास घेतला आणि ते सटासट शिंकले. "हे कारवाईचं प्रकरण आहे," ते नाक पुसत म्हणाले.

"असू द्या, सर. चाहते असंच करतात," डिझायनर मोठ्या मनाने म्हणाला. त्याने खिशातून जाड मार्कर काढला आणि कॉमिकराव हात पुढे करेपर्यंत हत्तीच्या बरोब्बर कपाळावर लिहूनही टाकलं: 'माझ्या चाहत्यास, प्रेमपूर्वक.' खाली लफ्फेदार सही.

"यांच्यामुळे वाचलात. आभार माना त्यांचे," मालक म्हणाले.

आणि कॉमिकराव, ज्यांनी त्या पुस्तकाला बायकोलासुद्धा कधी ओल्या हाताने शिवू दिलं नव्हतं, ते "थँक यू, सर" म्हणाले. डिझायनरचा राग त्यांना आहेच, मालकांचाही आहे. पण ते दोन शब्द आपल्याच तोंडून गेले, याचा राग काही केल्या जात नाही.