चांद्याचा डावा कान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारत नाही. पण उद्या कुणी विचारलंच, तर नाव तयार आहे : नाना गोरड, मुक्काम सांगली, गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला माणूस, आणि ती पदवी मी नानांच्या दोन खोल्यांत राहून मिळवली.

नाना कुठलीही वस्तू तीन वेळा बघितल्याशिवाय घेत नाहीत.

"जनावर तीन येळा बघावं," ते सांगतात. "उपाशी असताना, प्वाट भरल्यावर, आन दमल्यावर. मग त्याचा खरा सभाव कळतो."

बैलाच्या बाबतीत हे बरोबरच आहे. नाना तो नियम चपलेलाही लावतात. सकाळी रिकाम्या दुकानात एकदा, दुपारी पाय फुगल्यावर एकदा, आणि संध्याकाळी दुकानदार दमल्यावर एकदा. छताचा पंखा घेताना त्यांनी तो दुकानात चालू करायला लावला आणि खाली स्टूल घेऊन दुपारभर बसून राहिले. "दम लागतोय का बघतो," म्हणाले. पंख्याला लागला नाही. दुकानदाराला लागला.

नानांचं लग्न झालेलं नाही. त्याचं कारण आमच्या म्हसवडकडच्या नातेवाइकांत असं सांगतात, की मुलीकडची माणसं दुसऱ्या भेटीपर्यंत थांबायची, तिसरीपर्यंत थांबायची नाहीत. खरंखोटं मी विचारलेलं नाही.

माझे वडील मेंढरांमागे फिरणारे. बारावी झाल्यावर मीही जाणार होतो. नाना तेव्हा मेंढरांना लस द्यायला आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, आले होते. त्यांनी माझी गुणपत्रिका बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि वडिलांना म्हणाले, "ह्याला मी नेतो." वडील म्हणाले, "आवं, शिकून काय करायचंय त्येला?" नाना म्हणाले, "काय करतंय ते बघू की." त्याच दिवशी मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे, लशीच्या डब्याला धरून, सांगलीला आलो.

तिथे सुरेश आधीच होता. तोही आमच्याच दुष्काळी पट्ट्यातला. पुढे तो इस्लामपूरला साखर कारखान्यात लागला, मी शिरवळला एका कारखान्याच्या तपासणी विभागात. पण तेव्हा आम्ही नानांच्या राज्यात होतो, आणि त्या राज्यात तोंडी काही चालत नसे. सरकारी नोकरीची सवय. काहीही हवं असलं की अर्ज लिहायचा. पहिल्या वर्षी मी अर्ज दिला, 'आठवड्यातून एकदा तरी भात मिळावा.' संध्याकाळी अर्ज शेऱ्यासह परत आला : 'मंजूर. तांदूळ अर्जदाराने निवडावेत.'

निवृत्त झाल्यावर नानांनी बदली होऊन चाललेल्या एका इंजिनिअर साहेबांकडून जुना ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेतले. तिसऱ्या भेटीसाठी साहेबांचा टेम्पो दोन दिवस थांबला होता. सुरेशने आपला जुना लॅपटॉप गाण्यांनी भरून आणून दिला. सगळं जोडलं. आवाज मोठा आला, पण घोगरा. तेव्हा मी, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, सहज बोलून गेलो, "नाना, ह्याला एक चांगला डॅक लागेल."

शिकलेल्या माणसाने इतकं सहज बोलू नये. पुढची तीन वर्षं त्या वाक्यात गेली.

वाचकांसाठी सांगतो. लॅपटॉपमध्ये गाणं नुसत्या आकड्यांत असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी जी पेटी, ती डॅक. लॅपटॉपच्या पोटातही एक असतो, पण तो वेठबिगारासारखं काम करतो. चांगला वेगळा घ्यावा लागतो. त्याची किंमत दोन जेवणांपासून दोन एकरांपर्यंत कितीही असू शकते.

"मधला घेऊ," नानांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. "लय देखणं जनावर मालकाला चाकर करतं. आन लय स्वस्त असंल, तर मालकानं का इकलं ह्ये इचारावं लागतं."

सांगलीत राजूशेठचं दुकान आहे. त्याच्या वडिलांची म्हैस एकदा अडली होती आणि नानांनी ती सोडवली होती. त्यामुळे राजूशेठला नानांना नाही म्हणता येत नाही. नानांनी पहिला डॅक हातात घेतला, उलटा केला आणि खालचे चार रबरी पाय एकेक करून दाबून बघितले.

"खूर बरं हायती."

मग मागची भोकं मोजली, झाकणाच्या फटीला नाक लावलं आणि पेटी तळहातावर तोलली. "वजन न्हाई. पोटात काय हाय का न्हाई?" आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"नाना, वॉरंटी जाईल!" राजूशेठ काउंटरवरून जवळजवळ पलीकडे आला.

"आरं, दात बघू दे की गड्या."

किंमत बोलायची वेळ आली तेव्हा नानांनी खांद्यावरचा टॉवेल राजूशेठच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखालून त्याची बोटं धरली. गुरांच्या बाजारात सौदा असाच होतो. किती बोटं दाबली त्यावरून भाव कळतो आणि आजूबाजूच्यांना काही कळत नाही. राजूशेठलाही काही कळत नव्हतं. तो मोबाइल आणि रिमोट विकत मोठा झालेला माणूस.

"नाना," तो हळूच म्हणाला, "हात सोडा. गिऱ्हाईक बघतंय."

शेवटी असं ठरलं, की दोन-दोन डॅक नानांनी चार दिवस घरी न्यायचे, तिन्ही वेळा बघायचे आणि परत आणायचे. त्यातला एक दिवस रविवार असायचा, कारण मी आणि सुरेश पंच होतो. शनिवारी संध्याकाळी नानांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किती भाकऱ्या?" एवढंच. मी चार म्हणायचो, सुरेश पाच. रविवारी सकाळी मी शिरवळहून एसटीने, सुरेश इस्लामपूरहून मोटारसायकलवर, दोघं नानांच्या दारात.

डॅकना नावं पडली. राखाडी रंगाचा तो कोसा. ज्याला एकही दिवा नव्हता तो मुका. आणि कपाळावर गोल पांढरा दिवा असलेला एक काळा, तो चांद्या.

परीक्षा अशी. आम्ही दोघांनी स्टुलांवर भिंतीकडे तोंड करून बसायचं. नाना मागे वायरी बदलणार. आधी एक भजन, मग आमच्या धनगरांच्या गजी नाचाचा ढोल, आणि शेवटी नानांनी स्वतः मोबाइलवर टिपलेला गुरांच्या बाजारातला गलका. ही शेवटची परीक्षा अवघड.

"ह्यात एक म्हस वरडती आन एक रेडकू. रेडकू कुठल्या अंगाला हाय, सांग."

"डावीकडं," मी म्हणायचो.

"सुरेश?"

"दुसऱ्या येळंला जास्त डावीकडं वाटलं." सुरेश नेहमीच दुसरा चांगला म्हणायचा, कारण दुसऱ्यानंतर जेवण असायचं.

एका रविवारी मी कोसा आणि मुका यांच्यातल्या फरकावर बराच वेळ बोललो. एकाचा आवाज मोकळ्या माळासारखा, दुसऱ्याचा पत्र्याच्या खोलीसारखा, असं सगळं. पदवीचा थोडा उपयोग केला. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वायर मी बदललीच न्हवती," ते म्हणाले. "चला, भाकरी निवतीया."

जेवताना निकाल लागायचा. हुलग्याचं माडगं भुरकत नाना जिंकलेल्या डॅकचं भरपूर कौतुक करायचे. आता ठरलं, असं आम्हाला वाटायचं. मग ते वाटी खाली ठेवायचे. "पर..." आणि त्या 'पर'नंतर काहीतरी निघायचं. बटण कडक आहे. दिवा रात्री डोळ्यावर येतो. आणि शेवटी ठरलेलं वाक्य :

"अजून चार बाजार हिंडू."

चांद्या तर दोनदा घरी येऊन गेला. त्याच्यावर रेडकू इतकं स्पष्ट ओरडलं होतं, की शेजारच्या काकू बघायला आल्या. तरीही 'पर' आलाच.

गेल्या वर्षी मी नोकरीत कायम झालो. पहिला वाढीव पगार हातात आल्यावर मी सुरेशला म्हणालो, "आपुन चांद्या घेऊन देऊ नानांना. किती दिवस हिंडणार म्हातारा?" सुरेश म्हणाला, "निम्मं माझं." आम्ही राजूशेठकडे गेलो. त्याने आमच्याकडे विचित्र नजरेने बघितलं, "थांबा, एक फोन करतो," म्हणून आत गेला, आणि परत येऊन चांद्या बांधून दिला.

नानांनी दारातच त्याच्या कपाळावर हळद-कुंकू लावलं. नव्या बैलाला घालतात तसं पायावर पाणी तेवढं घातलं नाही. मग वायरी जोडल्या, भजन लावलं आणि पुरतं ऐकलं.

"झ्याक हाय," नाना म्हणाले. "हौसेनं आणलंसा." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे आता बघायचं काय ऱ्हायलं न्हाई."

मला ते समाधानाचं वाक्य वाटलं.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कारखान्यात काम वाढलं होतं, सुरेशचा ऊस-हंगाम चालू होता. मी अधूनमधून फोन करायचो. "काय चाललंय नाना?" "काय न्हाई. वाजतंय."

एका नातेवाइकाच्या लग्नासाठी सांगलीला गेलो, तेव्हा न कळवता नानांकडे डोकावलो. स्पीकर घोंगडीखाली झाकलेले होते. आमची दोन स्टुलं एकावर एक ठेवून कोपऱ्यात लावली होती.

"आवं नाना, झाकून का ठेवलंय?"

"धूळ बसती."

"वाजवत न्हाई व्हय?"

"वाजवतो की. कवातरी." ते चुलीशी होते. गॅस असूनही भाकरीसाठी मागच्या अंगाला त्यांनी चूल ठेवली आहे. तव्यावर एकच भाकरी होती. ती त्यांनी मोडून अर्धी मला दिली आणि विचारलं, "एसटी कितीची हाय?"

निघताना त्यांनी एक पिशवी दिली. "ह्या राजूशेठच्या वायरी. बघायला आणल्या हुत्या. आता काय लागत न्हाईत. जाता जाता देऊन टाक."

राजूशेठने पिशवी उघडून बघितली आणि वायरी काउंटरवर काढून ठेवल्या.

"मला वाटलं, अजून दोन वर्षं तरी चालेल."

"काय चालेल?"

त्याने वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे चांद्याचाच एक बंद खोका होता. आम्ही नेला होता तसाच. त्यावर जाड पेनाने लिहिलं होतं : गोरड नाना.

"पहिल्याच वर्षी पसंत केला होता त्यांनी. पैसे भरून गेले. म्हणाले, 'ठिव बाजूला. पोरांस्नी बोलू नगंस.' तुम्ही दोघं घ्यायला आलात तेव्हा मी फोन करून विचारलं, काय करू? म्हणाले, 'दे त्यास्नी. हौसेनं घ्यायल्यात.'"

मी एसटीत बसलो. शिरवळ येईपर्यंत सुरेशशी दोनदा बोललो. तो म्हणाला, नानांना फोन करू. मी म्हणालो, तोंडी चालत नाही. घरी पोचल्यावर कागद घेतला.

*

प्रति,
मा. नाना गोरड, सांगली.

विषय : चांद्याच्या डाव्या कानाबाबत.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, आम्ही आपणास दिलेला चांद्या आम्ही घाईत घेतला. त्यास उपाशीपोटी बघितलं नाही आणि दमल्यावरही बघितलं नाही. माझ्या मते त्याच्या डाव्या कानात दोष असावा. रेडकू पूर्वी होतं तितकं डावीकडे राहिलेलं नाही. सुरेशचं मत विचारलं. तो म्हणतो, दुसरा बरा असेल.

राजूशेठच्या फळीवर त्याच जातीचं आणखी एक जनावर उभं आहे, असं समजलं. मालकाचं नाव मी विचारलेलं नाही. बैल एकटा बघून कळत नाही, जोडीला लावून बघावा लागतो, हे आपणच शिकवलं आहे. तरी दोघांना शेजारी ठेवून तपासणी करण्यास परवानगी मिळावी. वायरी राजूशेठकडून परत मागवल्या आहेत.

नाना, आपण आयुष्यात सगळं तीन-तीन वेळा बघून घेतलंत. मला मात्र वाड्यावर एकदाच बघितलंत आणि गाडीवर बसवलंत. तेवढं एकच काम आपण घाईत केलंत. त्या मालाची तपासणी राहून गेली आहे. ती करून घ्यायलाही मी हजर राहीन.

या रविवारी येतो. भाकऱ्या : मी चार, सुरेश पाच. भात असल्यास तांदूळ मी निवडेन.

काम एका रविवारात उरकेल असं वाटत नाही. अजून चार बाजार हिंडावे लागतील.

आपला आज्ञाधारक,
पांडू