वरचा एक कमी करायचा

या खेपेला बारावीचं गणित सुटणार म्हणजे सुटणार, असं पिराजीनं सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. दोन वेळा त्याच विषयानं त्याला आपटलं होतं. भूमजवळच्या त्या गावात तो दूध संस्थेचा हंगामी सेक्रेटरी होता. पास झाला तरच नोकरी कायम व्हायची. दुष्काळानं म्हशी आटल्या होत्या. सकाळी आठलाच दूध घालून लोक परत जायचे, मग दिवसभर अभ्यासाला रान मोकळं.

त्याची खोड एकच. डेरिव्हेटिव्ह काढताना एक्सच्या डोक्यावरचा घात तो बरोबर पुढं आणायचा, पण डोक्यावर एक कमी करून लिहायला हटकून विसरायचा. एक्सचा पाचवा घात असला तर उत्तर पाच एक्सचा चौथा घात. पिराजीचा पाचवा पाचवाच राहायचा. म्हणून त्यानं नियम मोठ्यानं घोकायला घेतला, "घात पाच. पाच पुढं आणायचे. वरचा एक कमी करायचा."

भिंतीपलीकडं धुरपदाबाई दुधाचे कॅन धूत होती. संस्थेत संचालक पाच, आणि त्यांच्या वर चेअरमन आबाराव. चाऱ्याचा ट्रक आधी आबारावांच्या दारात रिकामा झाला, म्हणून पाचीजण आठ दिवस त्यांच्यावर धुमसत होते. धुरपदाबाईनं पदराला हात पुसले आणि तडक आबारावांचं घर गाठलं. पाचजण पुढं होऊन वरच्याचा घात करणार हायत, बेत संस्थेतच शिजतोय, पिराजीच्या तोंडून आपल्या कानानं ऐकलं, असं तिनं सांगितलं.

आबारावांनी जेवणाचं ताट सारलं. भाऊ हरिबा काठी घेऊन निघाला. गुरांच्या छावणीवर आलेल्या जमादारालाही सोबत घेतलं. पाची संचालकांना संस्थेत बोलावणं गेलं. ते एकमेकांकडं संशयानं बघत आत शिरले, कारण थोडंफार ज्याच्या त्याच्या मनात होतंच.

जमादारानं पिराजीला विचारलं, "कुणाचा घात करणार होतास?"

"एक्सचा," पिराजीनं खरं ते सांगितलं.

"कुठल्या गावचा हाय तो?"

पिराजीनं दुधाचं फॅट लिहायचा फळा पुसला आणि गणित मांडलं. पाच पुढं आणला, उत्तराखाली ऐटीत रेघ मारली.

"वरचा एक कमी करायचा म्हणला हुतास की," धुरपदाबाई दारातून म्हणाली.

पिराजीनं बघितलं. डोक्यावर पाच तसाच! त्यानं निमूट पुसून चार केला. पोरगं काहीतरी लपवतंय असं जमादाराला वाटलं. त्यानं सातव्या घाताचं करायला लावलं, मग नवव्याचं. पिराजी दोन्ही वेळा विसरला आणि दोन्ही वेळा धुरपदाबाईनं त्याला टोकलं. बाराव्या घाताला मात्र त्याचा हात आपसूक अकरावर गेला. तोवर संचालकांना हसू आवरेना. आबारावही हसले, पण मघाचे ते पाच चेहरे त्यांनी नीट पाहिले होते. पुढचा ट्रक संस्थेच्याच आवारात रिकामा होईल, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं.

परीक्षेत घाताचे प्रश्न आले. दर वेळी पिराजीच्या कानात धुरपदाबाई बोलायची आणि तो एक कमी करायचा. गणित सुटलं. पेढे घेऊन तो आधी तिच्याच दारात गेला, पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्यामुळं नोकरी कायम झाली." तिला रडू आलं. चौकशीच्या त्या दिवसापासून ती लाजेनं संस्थेत मान वर करत नव्हती.

मग तो आबारावांकडं गेला. त्यांनी चौकशी मांडली नसती तर ती खोड जन्मात गेली नसती. तुमचे उपकार कसे फेडू, असं त्यानं डोळ्यांत पाणी आणून विचारलं.

आबारावांनी पेढा तोंडात टाकला. "आमची शिवकांता यंदा बारावीला हाय. तिला तेवढं इंटिग्रेशन शिकव."

पिराजी आनंदानं हो म्हणाला. इंटिग्रेशन त्यानं तिन्ही वेळा ऑप्शनला टाकलं होतं.