रेडिओऐवजी यंत्रांचे शेअर

कार्ल्याचे भिमाजी लोणावळ्याला रेडिओ आणायला निघाले, तेव्हा त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. लेक शालन सासरी गेल्यापासून त्यांच्या बायकोला, नंदाबाईंना, घर खायला उठत होतं. घरात बोलणारं कुणीतरी हवं होतं. (भिमाजी बोलत, पण ते बोलणं नंदाबाई जमेस धरत नसत.)

एस.टी. स्टँडवर मालधक्क्यावरचे कारकून हौशीराम भेटले आणि घात झाला.

"रेडिओ काय घेताय? ट्रान्झिस्टर बनवायची यंत्रं करणारी कंपनी निघालीय, तिचे शेअर घ्या. उद्या घरोघर रेडिओ होतील, कारखाने वाढतील आणि प्रत्येक कारखान्याला यंत्र लागेल."

हौशीरामांनी पाजलेला चहा संपल्यावर भिमाजी त्यांच्याबरोबर बँकेत गेले आणि रेडिओचे पैसे शेअरच्या अर्जाबरोबर भरून आले.

घरी दारात रांगोळी, नंदाबाईंच्या हातात पूजेचं ताट आणि ओसरीवर आळीतल्या सगळ्या बायका. भिमाजींनी खिशातून पावती काढून पुढे धरली. नंदाबाईंनी गडबडीत तिलाच कुंकू लावलं आणि मग विचारलं, "आन् रेडू कुटं हाय?"

भिमाजींनी सगळं समजावून सांगितलं. नंदाबाईंचे थोरले भाऊ दत्तोबा शांतपणे ऐकत होते.

"दाजी, यंत्र येकदाच घेत्यात. समद्या कारखान्यांनी घेतल्यावर तुमची कंपनी माशा मारंल."

"नवं कारखानं निघतील की."

"आन् न्हाई निघालं तर?"

भिमाजी खाली बघत पावतीची घडी घालायला लागले. बायका पदराआड हसायला लागल्या. नंदाबाई मात्र हसल्या नाहीत. चार माणसांत नवऱ्याची मान खाली गेलेली त्यांना बघवेना.

"दादा, जातं बी येकदाच घेत्यात," त्या म्हणाल्या. "पर झिजल्यालं दगड टाकी लावून खरबरीत कराया पाथरवट दर साली येतोच की. यंत्रं काय झिजत न्हाईत व्हय?"

भिमाजींना भरून आलं. जिचा रेडिओ आपण घालवला, तीच आपली बाजू घेत होती. त्यांना मनापासून लाज वाटली.

"चुकलंच माजं," ते हळूच म्हणाले.

"आसूं द्या. बाया गानं ऐकाया आल्यात, येक म्हना."

भिमाजी भजनात टाळ वाजवत. गायला त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं, त्यालाही कारण होतं. पण आज बायकोनं मागितलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि जीव ओतून गाणं म्हटलं. डोळे उघडले तेव्हा ओसरी रिकामी होती. एकट्या नंदाबाई समोर बसून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तोबा नवाकोरा रेडिओ घेऊन दारात उभे राहिले.

"अवो, कशापायी खर्च केला?" भिमाजी संकोचले. "कंपनी चालली की मीच आनला आसता."

"कंपनी चालूं द्या न्हाईतर बुडूं द्या, दाजी," दत्तोबा म्हणाले. "आळीनं वर्गणी काडलीया. तुमी परत गाऊ नका, येवढंच म्हननं हाय."